तपासणी देहाची की केसपेपराची?

गर्भाशयमुखाचा कर्करोग पृथ्वीच्या पाठीवरून हद्दपार करावयाचा, असा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सोडला. 2030 पर्यंत शंभरांतील नव्वद मुलींस पंधरा वर्षांच्या आत लस मिळावी, शंभरांतील सत्तर स्त्रियांची पस्तिशीच्या आत एकदा व पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा भरवशाची तपासणी व्हावी, आणि रोग अथवा रोगाची पूर्वावस्था आढळलेल्या शंभरांतील नव्वदांस उपचार लाभावेत, अशी ह्या संकल्पाची त्रिसूत्री आहे. भारतास तिची निकड किती आहे हे आकड्यांवरून स्पष्ट होते. 2022 सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात ह्या रोगाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण निघाले आणि जवळजवळ 80 हजार मृत्यू घडले. जगातील अशा मृत्यूंपैकी पंचमांशाहून अधिक मृत्यू एकट्या भारताच्या वाट्यास आले. आणि हा रोग तर असा, की विषाणूची लागण झाल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारणपणे पंधरा-वीस वर्षांचा अवधी मिळतो. चोर येणार हे इतके आधी कळत असूनही घर लुटले जावे, ह्यास दैव म्हणता येणार नाही.

ह्या त्रिसूत्रीत ‘मुली’ व ‘स्त्रिया’ हे दोन शब्द आहेत. ते स्वाभाविक आहेत, आणि त्यांविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्यांना गर्भाशयाचे मुख आहे आणि तरीही ज्यांना स्त्री म्हणता येत नाही, अशी माणसे आपल्या समाजात आहेत. त्यांची वाट काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही माणसे म्हणजे ट्रान्स पुरुष. जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगी म्हणून झाली, परंतु कळते वय आल्यापासून ज्यांना आपण पुरुष आहोत अशी स्वतःची ओळख पटलेली असते, त्यांना हे नाव आहे. तृतीयपंथी म्हटले की आपल्या सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते, आणि त्या चित्रात ट्रान्स पुरुष कोठेच नसतात. ते कचेरीत कारकून असतात, दुकानात विक्रेते असतात, महाविद्यालयात विद्यार्थी असतात, आणि बहुधा आपली कहाणी कोणास सांगत नाहीत. 2011 च्या जनगणनेत स्त्री व पुरुष ह्यांखेरीज ‘इतर’ अशा रकान्यात देशभरात 4 लाख 87 हजार 803 आणि महाराष्ट्रात 40 हजार 891 व्यक्तींची नोंद झाली. परंतु त्या एका रकान्यात सारेच एकत्र कोंबले गेले. त्यांतून ट्रान्स पुरुष किती हे निवडून काढण्याची सोय नाही. आम्ही पूर्वी बरीच वर्षे शाळेत हजेरी घेतली आहे. हजेरीपटावर नाव नसलेले मूल वर्गात बसलेले असले तर ते मूल खोटे ठरत नाही, पट अपुरा ठरतो, एवढे त्या अनुभवाने आम्हांस शिकविले.

आता वैद्यकाची बाजू पाहू. गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून. हा कार्यकारणसंबंध दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांस 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या विषाणूस आपल्या यजमानाचे नाव, पोशाख वा आधारपत्रावरील लिंग ह्यांशी कर्तव्य नसते. गर्भाशयाचे मुख जाग्यावर असेल आणि शरीरसंबंधातून संसर्ग झालेला असेल, तर धोका आहे. तो संबंध कोणाशी आला, ह्याने फारसा फरक पडत नाही. हा विषाणू त्वचेच्या निकट स्पर्शानेही पसरतो. शिवाय आपल्याकडे अशा काहींचे लग्न घरच्यांनी धाकदपटशाने लावून दिलेले असते, आणि त्या लग्नातून सुटका होण्यापूर्वीच संसर्ग पदरी पडलेला असू शकतो. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, घेऊ लागल्यावर पाळी थांबते. त्यामुळे ‘आता आपल्याला त्या अवयवांचे भय उरले नाही’ अशी समजूत होते. ती साफ चुकीची आहे, कारण संप्रेरकाने विषाणूपासून संरक्षण मिळत नाही. शस्त्रक्रियेने गर्भाशय मुखासकट काढले असेल आणि पूर्वी कधी कर्करोगाची पूर्वावस्था आढळली नसेल, तर सामान्यतः तपासणीची गरज राहत नाही. परंतु केवळ छातीची शस्त्रक्रिया झालेली असेल, किंवा गर्भाशय काढताना त्याचे मुख मागे ठेवले असेल, तर गरज तशीच राहते. आपल्या शस्त्रक्रियेत नेमके काय काढले गेले, हे रुग्णाने कागदावर लिहून घेतले पाहिजे, आणि डॉक्टरने ते न मागता दिले पाहिजे.

तपासणीची गरज आहे हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न येतो तो तपासणी कोणत्या रीतीने करावी हा. येथेच खरी मेख आहे. आज तीन रीती प्रचलित आहेत, आणि तिन्हींचा ट्रान्स पुरुषाशी होणारा व्यवहार एकसारखा नाही.

पहिली पॅप चाचणी. ग्रीसहून अमेरिकेत गेलेले डॉ. पापानिकोलाऊ ह्यांच्या नावाने ती ओळखली जाते. गर्भाशयमुखावरील पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या, अशी तिची पद्धत आहे. पाश्चात्त्य देशांत ह्या चाचणीने असंख्य प्राण वाचविले. परंतु टेस्टोस्टेरॉनमुळे योनीचे व गर्भाशयमुखाचे अस्तर पातळ व कोरडे होते. त्यामुळे स्पेक्युलम हे उपकरण आत घालताना वेदना होतात, पेशी पुरेशा हाती लागत नाहीत, आणि ज्या लागतात त्यांचा अर्थ लावणे प्रयोगशाळेस अवघड जाते. बोस्टन येथील एका आरोग्यकेंद्राच्या नोंदी 2014 साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत 3,625 स्त्रियांच्या मानाने 233 ट्रान्स पुरुषांच्या चाचण्या पाहिल्या होत्या. स्त्रियांत शंभरांमागे 1.3 जणींचे नमुने निकाल देण्यास अपुरे ठरले, तर ट्रान्स पुरुषांत हे प्रमाण 10.8 होते. टेस्टोस्टेरॉनचा काळ जितका अधिक, तितकी ही अडचण अधिक. नमुना अपुरा म्हणजे ती सारी यातना पुन्हा एकदा. पुन्हा येण्यास किती जण धजतील?

दुसरी रीत आपल्या सरकारच्या मार्गदर्शनात आहे. गर्भाशयमुखास सौम्य आम्ल, म्हणजे सिरक्यात असते ते ॲसेटिक ॲसिड, लावावयाचे आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे. ह्या साध्या उपायाची कसोटी मुंबईत लागली. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांवर ही पाहणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केल्यास ह्या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटतात, असे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखविले. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे हे काम आहे. परंतु ह्याही रीतीत स्पेक्युलम चुकत नाही. आणि ऋतुनिवृत्तीनंतर ज्या भागाकडे पाहावयाचे तो आत सरकत असल्यामुळे ही तपासणी तितकी भरवशाची राहत नाही. टेस्टोस्टेरॉनने अस्तराची होणारी अवस्था पुष्कळशी तशीच असल्याने, हीच अडचण येथेही संभवते.

तिसरी रीत म्हणजे खुद्द विषाणूचाच शोध घेणारी एचपीव्ही चाचणी. तिचे मोल जगास पटवून देण्यात आपल्याच मराठवाड्याचा वाटा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या वेळच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील 1 लाख 31 हजार 746 स्त्रियांची पाहणी करण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. तीस ते एकुणसाठ वयाच्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी केवळ एकदा केल्याने ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप चाचणी किंवा आम्लाची तपासणी एकदाच करून असा ठळक परिणाम तेथे दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शनात ह्याच चाचणीस अग्रस्थान दिले. तिसाव्या वर्षापासून पाच ते दहा वर्षांनी ती करावी असे सुचविले, आणि ट्रान्स पुरुषांचाही तेथे स्पष्ट उल्लेख केला. ह्या चाचणीस पेशींचे रूप पाहावयाचे नसते, म्हणून पातळ झालेल्या अस्तराचा अडसर येत नाही. पण तिचा सर्वांत मोठा गुण दुसराच आहे. तिला स्पेक्युलम लागत नाही, आणि तपासणारा परका हातही लागत नाही. कापसाची काडी वा लहानसा ब्रश घेऊन आपला नमुना आपणच, दार लावून घेऊन, दोन मिनिटांत घेता येतो.

अमेरिकेत 131 ट्रान्स पुरुषांवर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. दहांतील नऊंहून अधिक जणांनी स्वतः नमुना घेण्यास पसंती दिली. डॉक्टरच्या नमुन्यात विषाणू सापडलेल्या दर सातांपैकी पाच जणांत तो त्यांनी स्वतः घेतलेल्या नमुन्यातही सापडला. म्हणजे दोघे सुटले. हा दोष आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. पण विषाणूचे अंश अनेकपट वाढवून शोधणाऱ्या पीसीआर पद्धतीच्या चाचण्यांत स्त्रियांनी स्वतः घेतलेले नमुने डॉक्टरच्या नमुन्यांच्या बरोबरीने उतरतात, असे पुढील अभ्यासांवरून ठरले आहे. आणि तुलना करावयाची ती आदर्श तपासणीशी नव्हे. ती मुळीच न झालेल्या तपासणीशी केली पाहिजे. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2022 पासून स्वतः नमुना घेण्याची मुभा तपासणीस पात्र असलेल्या प्रत्येकास दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2024 साली दवाखान्यात व 2025 साली घरी असा नमुना घेण्यास मान्यता दिली. आपल्याकडेही स्वदेशी एचपीव्ही चाचणीसंचांची सरकारी पुढाकाराने पारख झाल्याचे 2025 च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. साधन हाताशी येत आहे. प्रश्न उरतो तो ते कोणाच्या हाती द्यावयाचे हा.

काडी व ब्रश ह्यांनी प्रश्नाचा निम्मा भाग सुटतो. उरलेला निम्मा रुग्णालयाच्या दारात आहे. दाढी राखलेला, पुरुषाचे नाव धारण केलेला मनुष्य स्त्रीरोग विभागाच्या बाकावर येऊन बसला, तर काय होईल ह्याची वाचकांनी कल्पना करावी. केसपेपर काढणारा कारकून त्याला पुरुषांच्या रांगेत पाठवील. पुकारा झाला की सारी खोली वळून पाहील. परिचारिका विचारील, “पेशंट कुठे आहे?” ह्या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत द्यावे लागण्यापेक्षा घरी परतणे त्यास सोपे वाटले, तर आश्चर्य नाही. केसपेपरावर ‘स्त्री’ लिहिले तर मनुष्य येत नाही, ‘पुरुष’ लिहिले तर तपासणी होत नाही, असा हा पेच आहे. हा पेच केवळ आपलाच नव्हे. इंग्लंडसारख्या सुसज्ज देशातही ज्यांची नोंद पुरुष म्हणून झाली, त्यांना तपासणीचे बोलावणे आपोआप न जाण्याची व्यवस्था कित्येक वर्षे चालत आली.

ह्या पेचाची परिणती कोठवर जाते, हे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट ईड्स ह्या ट्रान्स पुरुषाच्या कहाणीने जगास दाखविले. त्याचा रोग बीजाशयाच्या कर्करोगाचा होता. वीसहून अधिक डॉक्टरांनी त्यास उपचार देण्याचे नाकारले. अखेर 1999 च्या जानेवारीत तो मरण पावला. त्याच्या अखेरच्या वर्षावरील ‘सदर्न कम्फर्ट’ हा अनुबोधपट 2001 साली आला आणि गाजला. रोग कोणता होता हे येथे गौण आहे. दरवाजा कोणी व का लावला, हे महत्त्वाचे आहे.

आमच्या ह्या विवेचनावर एक आक्षेप येणार हे आम्ही जाणून आहोत. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तीस ते एकुणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. जेथे कोट्यवधी स्त्रियांची ही दशा, तेथे मूठभर ट्रान्स पुरुषांची चिंता कसली करता, असे विचारले जाईल. आक्षेप वजनदार आहे, पण तो आमच्याच बाजूचा आहे. बार्शीच्या किंवा भायखळ्याच्या सासुरवाशिणीस ही तपासणी का नको असते? तिला टेबलावर परक्यापुढे उघडे व्हावयाचे नसते, उपकरणाची भीती वाटते, आणि शेजारीपाजारी काय म्हणतील ह्याचा घोर असतो. ट्रान्स पुरुषाच्या अडचणी ह्यांहून जातीने निराळ्या नाहीत, त्या अधिक तीव्र आहेत एवढेच. म्हणून जी चाचणी त्याच्यासाठी योग्य, तीच तिच्यासाठीही सोयीची. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्यास वाढण्याचा हा व्यवहार नव्हे. ‘स्त्रिया’ हा शब्द खोडून टाका, असेही आम्ही म्हणत नाही. गावोगाव फिरणाऱ्या आशा सेविकेच्या तोंडी तोच शब्द योग्य आहे. त्याच्या शेजारी ‘आणि गर्भाशयाचे मुख असलेली प्रत्येक व्यक्ती’ एवढी जोड द्यावी. त्याने स्त्रीचे काहीही उणे होत नाही.

कायद्याचे पाठबळ नाही असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्याच्या पंधराव्या कलमात आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकली गेली. परंतु त्या कलमात एचआयव्हीची देखरेख आहे, शस्त्रक्रिया आहे, संप्रेरके आहेत, विम्याची व वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या फेरविचाराची भाषा आहे. कर्करोगाच्या तपासणीचा उल्लेख नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये आयुष्मान भारत योजनेचे दार ट्रान्सजेंडर व्यक्तींस वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी उघडण्याचा करार झाला. रोग झाल्यावर पाच लाख देण्याची तयारी दाखवावी आणि रोग होऊ नये म्हणून एक काडी देण्याची सोय लावू नये, हा हिशेब कोणत्याही गृहिणीस पटणार नाही.

यास्तव आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली ही की, एचपीव्ही चाचणीचा कार्यक्रम आखताना स्वतः नमुना घेण्याची सोय आरंभापासूनच सर्वांस खुली ठेवावी, आणि पात्रता ठरविताना केसपेपरावरील लिंगाऐवजी अवयव विचारात घ्यावा. दुसरी, मुंबई, पुणे, नागपूर ह्यांसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत निदान एक खिडकी अशी असावी, की जेथे मनुष्याचे नाव तो सांगेल तेच पुकारले जाईल. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. नमुन्यात विषाणू सापडल्यास पुढची तपासणी व उपचार डॉक्टरच्या हातूनच व्हावे लागतात. तेथे काडी पुरत नाही. म्हणून ती वाट आधी तयार करावी. लहान आकाराचा स्पेक्युलम, तो स्वतः बसविण्याची मुभा, सोबत विश्वासाचे माणूस, ‘थांबा’ म्हणताच थांबणारा हात, गरज पडल्यास काही आठवडे आधी स्थानिक इस्ट्रोजेनचा मलम, आणि पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर रुग्ण टेस्टोस्टेरॉन घेतो अशी नोंद, ह्यांपैकी एकही गोष्ट खर्चाची नाही. विषाणू सापडल्याचे कळवून मनुष्यास अधांतरी सोडावयाचे असेल, तर चाचणी न केलेली बरी. चौथी सूचना लशीविषयी. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही लस मुली व मुले दोहोंसाठी मान्य झालेली आहे. तेव्हा नऊ ते चौदा वयाच्या ज्या मुलास ‘मी मुलगी नाही’ असे वाटते, त्याची लस ह्या वादात अडकता कामा नये.

डॉक्टर व परिचारिका ह्यांस एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती भाषेची. मराठीत क्रियापदापाशी लिंग लपत नाही. ‘आलास’ म्हणावे की ‘आलीस’, असा पेच पहिल्याच वाक्यात पडतो. परंतु ह्याच मराठीत ‘तुम्ही’ म्हटले की ‘आलात’, ‘बसलात’, ‘सांगितलेत’ ही रूपे स्त्री-पुरुष दोघांस सारखीच लागतात. म्हणजे समोरच्यास मान देऊन बोलले की निम्मा पेच आपल्या व्याकरणानेच सोडविला आहे. त्यासाठी नवा शब्दकोश नको, नवे परिपत्रक नको. जी रीत आपण थोरामोठ्यांशी पाळतो ती रुग्णाशी पाळावी, एवढेच पुरे.

ट्रान्स पुरुष वाचकांस आमची विनंती आहे. समाजाने तुम्हांस दिलेली वागणूक पाहता रुग्णालयाविषयी तुमच्या मनात अढी असणे स्वाभाविक आहे. तरीही तिशी उलटली असेल आणि गर्भाशयाचे मुख काढलेले नसेल, तर एचपीव्ही चाचणीविषयी आपल्या विश्वासाच्या डॉक्टरकडे चौकशी अवश्य करा. नमुना स्वतः घेता येईल का असे स्पष्ट विचारा. संभोगानंतर वा अवेळी रक्त जाऊ लागले, किंवा पाळी थांबून काळ लोटल्यावर रक्त दिसले, तर चाचणीच्या वयाची वाट न पाहता तत्काळ दाखवा.

सार्वजनिक आरोग्याच्या कार्यक्रमाची परीक्षा त्याने किती माणसे मोजली ह्यावर होते, तशी कोणाला मोजावयाचे विसरला ह्यावरही होते. मुंबईने व मराठवाड्याने ह्या रोगाविषयी जगास दोन मोठे धडे दिले आहेत. ते देताना ज्या स्त्रियांनी आपले देह शास्त्राच्या हवाली केले, त्यांचे ऋण फेडावयाचे तर तो धडा त्या देहासारखा देह असलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचविला पाहिजे. महाराष्ट्र सरकारने आणि मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी ह्या कामी पुढाकार घ्यावा. तो घेण्यास कोणतीही अडचण आम्हांस तरी दिसत नाही.